न जाळलेली तार

चांगली बातमी ऐकून कुणाच्या तळपायाची आग मस्तकात जाते, असं सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण कुलूपवालीच्या बाबतीत नेमकं तेच झालं. मावशीचा फोन आला तेव्हा ती ऑफिसच्या कँटीनमध्ये चहाचा कप हातात घेऊन उभी होती, आणि पलीकडे मावशी आनंदाने नुसती उतू चालली होती.

"अगं, सगळं परत मिळालं! एकूण एक फाईल! मी तर त्यावर पाणी सोडलं होतं. किती गुणी माणूस आहे तो दुरुस्तीवाला! म्हणाला, बटणं गेली म्हणून काय झालं, आतलं सगळं शाबूत आहे. नव्या डबीत भरून दिलं त्याने."

"तू त्याला आकडा दिलास?"

"छे! आकडा कुणाच्या बापाला सांगायचा नाही, असं तूच बजावलं होतंस ना? त्याने मागितलाही नाही. लागतच नाही म्हणाला."

कुलूपवालीने कप टेबलावर आपटला. निम्मा चहा सांडला.

"मावशी, हे होऊच शकत नाही."

"झालंय, आणि होऊच शकत नाही काय म्हणतेस! एक फाईल अडखळत होती, ती तर त्याने स्वतः शेवटपर्यंत ऐकून बघितली, नीट आलीय की नाही म्हणून. निघताना मला म्हणतो कसा, तुमचा आवाज फार धीर देणारा आहे हो बाई..."

आणि बोलता बोलता मावशी थांबली. आपण काय सांगतोय ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. 

"कुठली फाईल होती ती?" कुलूपवालीने विचारलं.

"शिवणवालीची," मावशी म्हणाली.

आता हे कुलूप काय भानगड आहे ते नीट सांगायला हवं, कारण साहेबलोक असल्या गोष्टी मुद्दाम अवघड करून सांगतात, म्हणजे आपण मान डोलवून मोकळे होतो. कुलूपवाली ज्या कंपनीत इंजिनिअर होती ती कंपनी माहिती साठवायच्या डब्या करायची. आगपेटीएवढी डबी. संगणकाला जोडायची, हवं ते भरायचं, खिशात टाकून चालू लागायचं. अशा डब्या बाजारात पैशाला पासरी मिळतात. या डबीची मातब्बरी अशी, की तिच्या अंगावरच आकड्यांची बटणं होती. आपला आकडा दाबला तर आतली चिप वाट देणार, नाही तर नाही. संगणकात प्रोग्रॅम टाकून लावलेलं हे कुलूप नव्हे. प्रोग्रॅम काढता येतो, फसवताही येतो. हे चिपमध्येच कोरलेलं होतं. साठवलेल्या माहितीच्या तोंडाशी एक राखणदार बसवलेला, आणि तो आकड्याशिवाय कुणालाच ओळख देत नव्हता: संगणकाला नाही, दुकानदाराला नाही, खुद्द कंपनीलाही नाही. चुकीचे आकडे दाबत बसलात तर तो आतली किल्लीच पुसून टाकायचा, की मग ती डबी म्हणजे नुसता दगड. हा राखणदार तिने घडवला होता. सहकारी तिला कुलूपवाली म्हणू लागले ते आधी चेष्टेने, मग सवयीने. पुढे घरचेही तेच म्हणू लागले आणि तिलाही ते आवडायला लागलं.

या कुलपात फक्त एक मागचं दार होतं, आणि तेही तात्पुरतं. कारखान्यात डबी तयार होताना चाचणीच्या यंत्राला आत शिरून सगळे कप्पे तपासावे लागतात, आणि यंत्राला कुठला आलाय आकडा? म्हणून तेवढ्यापुरतं ते दार. तपासणी संपली की शेवटच्या टप्प्यावर यंत्राने चिपमधल्या केसाहून बारीक तारेतून जोराचा प्रवाह सोडायचा. तार जळते आणि दार कायमचं बुजतं. मग देवाला साकडं घातलं तरी ते उघडत नाही. सगळ्या कुलपाची मदार त्या जळण्यावर. तार न जाळता डबी विकणं म्हणजे घराला पोलादी दरवाजा बसवायचा आणि मोरीची खिडकी सताड उघडी ठेवायची.

आणि मावशीची डबी कुणीतरी मोरीच्या खिडकीतून उघडली होती.

मावशी एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसते. एक टेबल, तीन खुर्च्या आणि जाड पडदा, एवढीच खोली. घरी मार खाणाऱ्या बायका तिच्याकडे येतात. त्यांतल्या बहुतेकींना लिहून काही द्यायचं नसतं, लिहिलेलं कुणाच्या हाती लागेल याचा धसका असतो. म्हणून त्या बोलतात आणि मावशी त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवते. पुढेमागे कोर्टात उभं राहायची वेळ आली तर तेच कामी येतं. पहिल्यांदा आलेली बाई तोंड उघडायला तयार नसते. तेव्हा मावशी ती डबी तिच्या तळहातावर ठेवते आणि म्हणते, "तुझा आवाज या डबीत, आणि डबीचा आकडा माझ्या डोक्यात. माझ्या भाचीने केलीय ती, कुणाला उघडायची नाही." मग बाई बोलायला लागते. डबी भाचीनेच आणून दिली होती. पाणी सांडून तिची बटणं बंद पडली तेव्हा "कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात बिनधास्त टाक, त्यांनाही आत डोकावता येत नाही," असं सांगणारीही भाचीच.

शिवणवाली तळहातावर डबी घेऊन सर्वांत उशिरा बोलली होती. आधीच्या खेपांना नुसती बसून जायची. मग एकदा जी बोलायला लागली ती थांबलीच नाही. नवऱ्याने काय केलं, ती लेकीला घेऊन कशी निघाली, आता कुठल्या गल्लीत, कुणाच्या मागच्या खोलीत शिलाई मशीन मांडून राहते, लेक कुठल्या शाळेत जाते, सगळं. नवरा तिला शोधत होता. तो दुकानांतून कॅमेरे बसवायचं काम करायचा, आणि दुरुस्ती केंद्र ज्या बाजारात होतं तिथल्या निम्म्या दुकानांत त्याची ऊठबस होती. आता तो पत्ता त्याच बाजारातल्या एका माणसाच्या कानावरून गेला होता.

कुलूपवाली तशीच उठली आणि केंद्रात गेली.

दुरुस्तीवाला खरोखरच गुणी माणूस निघाला. हीच तर पंचाईत होती. लबाड असता तर दोन शब्द सुनावून जीव तरी थंड झाला असता. त्याने स्टूल पुढे केलं, पंखा तिच्याकडे वळवला आणि कंपनीच्या मॅडम आल्या म्हणून उत्साहाने सगळं दाखवायला लागला. ड्रॉवरमधून एक वायर काढली, तिच्या टोकाला चार टोचण्या. डबीचं झाकण काढून त्या टोचण्या चिपच्या कडेला टेकवल्या, संगणकावर एक खूण दाबली, आणि आकडा न विचारता राखणदार बाजूला झाला.

"किती सोपंय बघा! पूर्वी बटणं गेली की लोक अक्षरशः रडायचे हो इथे. लग्नाचे फोटो, बाळाचे फोटो. आता कुणी रडत जात नाही."

"ही वायर कुठून आली?"

"म्हणजे? तुमच्याकडूनच! कंपनीने पाठवलीय सगळ्या केंद्रांना." मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "आता बाजारातही मिळते म्हणा. आमच्यातल्याच कुणीतरी नमुना दिला असेल. बाहेरचे दुकानदार सर्रास वापरतात."

"आणि फाईल ऐकलीत ती?"

तो ओशाळला. "चालते की नाही ते बघायला नको? अर्धवट दिली तर गिऱ्हाईक आमच्याच नावाने खडे फोडतं. पण मॅडम, ऐकून वाईट वाटलं हो. त्या बाईचं. मी घरी बायकोलाही सांगितलं."

म्हणजे आता दोन. बायकोने कुणाकुणाला सांगितलं असेल, ते विचारायचंही तिच्या जिवावर आलं. तिने मावशीची जुनी डबी परत मागितली. जुन्या डब्या कंपनीत पाठवायचा नियम आहे, असं तो म्हणायला लागला, तेव्हा ती इतक्या जोरात ओरडली की शेजारचा दुकानदार डोकावून गेला. दुरुस्तीवाल्याने मुकाट्याने डबी दिली. वायरही दिली. "ठेवा मॅडम, आमच्याकडे ढीग आहे," असं म्हणाला, आणि तो मनापासून म्हणाला म्हणून तिला जास्तच चीड आली.

कारखान्यात चाचणीचा मजला तळाशी होता. तिथे यंत्रांची घरघर आणि पांढरे अंगरखे, आणि शेवटच्या यंत्रापाशी चाचणीवाल्या बाई. त्या तिच्या आधीपासून कंपनीत होत्या. कुलूपवालीने एकच विचारलं, "बाई, तार जाळायचा टप्पा चालू आहे ना?"

बाईंनी यंत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्हाला माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"बाजारात गेलेल्या डब्यांचा तो टप्पा कधी झालाच नाही. वरून हुकूम आला, त्यावरून उडी मारायची. तार जाळली की परत आलेल्या डब्या उघडता येत नाहीत म्हणून. मला वाटलं तुम्हाला विचारूनच केलं असेल. कुलूप तुमचं."

"मला कुणी चकार शब्द बोललं नाही."

"मग खाली येऊन बघायचंत कधीतरी," बाई म्हणाल्या. बोलणं झोंबणारं होतं पण खोटं नव्हतं. कुलूपवालीने कागदावर कुलूप आखलं होतं, ते लावलं जातं की नाही हे बघायला ती कधी दोन मजले उतरली नव्हती. पण तेवढा टोला खाऊन गप्प बसायची ही वेळ नव्हती. ती तशीच जिना चढून साहेबांच्या खोलीकडे निघाली. मागून बाई काहीतरी सांगत होत्या, निळ्या डब्यांचं काहीतरी, पण ऐकायला ती थांबली नाही.

साहेब कंपनीच्या संचालकांपैकी एक, आणि मोठे गोड माणूस. त्यांचा आवाज कधी चढत नसे. समोरचा तापला की ते पाण्याचा ग्लास पुढे करत. आजही केला.

कुलूपवालीने पाणी प्यायलं नाही. मावशीची जुनी डबी टेबलावर ठेवली, त्यांच्याच संगणकाला वायर जोडली, टोचण्या टेकवल्या. पडद्यावर फाईलींची रांग उभी राहिली. बायकांची नावं मावशी देत नसे, नुसत्या खुणा होत्या, पण एकेका खुणेमागे एकेक बाई होती.

"आकडा न दाबता," ती म्हणाली. "बघा. आपलं कुलूप. खोक्यावर आपण काय छापतो? 'तुमच्याशिवाय कुणीही नाही.' साहेब, ही वायर बाजारात कुणालाही मिळते."

साहेब पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत राहिले. "तुमचा त्रागा मी समजू शकतो. पण जरा गिऱ्हाइकाच्या बाजूने विचार करा. बटणं बिघडतात. माणसं आकडा विसरतात. तार जाळली असती तर त्यांना आपण काय सांगायचं? गेलं ते गेलं? उद्या तेच गावभर बोंबलतील की कंपनीने आमची माहिती बुडवली. आता हेच बघा, तुमच्या मावशीचं सगळं परत मिळालं ना? कशामुळे मिळालं?"

 खरं होतं ते. ते दार उघडं नसतं तर त्या बायकांचं बोलणं कायमचं गेलं असतं.

"गेलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "त्या बायकांनी पुन्हा सांगितलं असतं. रडत रडत, पण मावशीलाच सांगितलं असतं. ज्याला सांगायचं नव्हतं त्याने ऐकलं नसतं. आणि माहिती बुडायला नको असेल तर लोकांना सांगा ना, दोन डब्या ठेवा म्हणून! हवी असेल तर उघड्या दाराची डबी वेगळी विका, खोक्यावर तसं छापा, ज्याला परवडेल तो घेईल. पण कुलूप म्हणून विकायचं आणि लावायचं नाही? तेही न सांगता? याला सोय म्हणत नाहीत साहेब, याला विश्वासघात म्हणतात. अहो, कुंपणानेच शेत खाल्लं तर माणसाने जायचं कुणाकडे?"

"शब्द जरा जपून," साहेब हसून म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखाच आहे. मी स्वतः आपलीच डबी वापरतो."

ती त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यालाच अडकवलेली होती. निळी. कंपनीच्या वाढदिवसाला संचालकांना वाटलेल्या डब्यांपैकी एक. जुडगा टेबलावर तिच्या हाताशीच होता. कुलूपवालीने त्यांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. त्या बायकांना तरी कुणी विचारलं होतं? तिने तिथेच नखाने झाकण उचकटलं आणि टोचण्या टेकवल्या. साहेबांच्या फाईलींची रांग त्यांच्याच पडद्यावर उभी राहिली की कळेल त्यांना, उघड्यावर बसणं म्हणजे काय असतं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"काय करताय?" साहेबांनी विचारलं, पण हात पुढे केला नाही. तेव्हाच तिला कळायला हवं होतं.

पडद्यावर काहीच आलं नाही. डबीवरचा बारीक दिवा लाल झाला. तिला वाटलं टोचण्या नीट टेकल्या नाहीत. तिने पुन्हा टेकवल्या. पुन्हा लाल. मग मावशीच्या डबीला लावून पाहिल्या, तर फाईलींची रांग लगेच हजर. पुन्हा निळीला. लाल.

राखणदार जागचा हलत नव्हता. अगदी तिने घडवला होता तसा.

"हिची तार जाळलेली आहे," ती म्हणाली. तिचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"हो," साहेब म्हणाले. डबी उचलून त्यांनी झाकण नीट बसवलं. "निळ्या गठ्ठ्याची जाळून घेतली होती. संचालकांची कागदपत्रं असतात त्यात. नाजूक असतात. तुम्ही समजू शकता."

हे ते इतक्या सहज म्हणाले, की त्यात काही लपवण्यासारखं आहे असंही त्यांना वाटत नव्हतं. म्हणजे ही चूक नव्हती. विसरही नव्हता. मागचं दार उघडं ठेवलं तर काय होतं ते या माणसांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर आपापली दारं त्यांनी आधी बुजवून घेतली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! सह्यांचे कागद नाजूक आणि नेसत्या साडीनिशी लेकीला कडेवर घेऊन पळालेल्या बाईचा पत्ता म्हणजे गिऱ्हाइकाची सोय!

"विकलेल्या सगळ्या डब्या परत बोलवा," ती म्हणाली. "आणि का बोलावतोय ते जाहीर सांगा."

"विकल्या त्या विकल्या. पुढच्या गठ्ठ्यापासून जाळू हवं तर. तुमच्या समाधानासाठी."

"मग मी सांगते."

"तुमच्या करारात गुप्ततेचं कलम आहे," साहेब म्हणाले आणि पाण्याचा ग्लास पुन्हा पुढे सरकवला. "आतल्या गोष्टी बाहेर गेल्या तर कंपनीला ते फार गंभीरपणे घ्यावं लागेल."

कुलूपवालीला हसू फुटलं. चांगलं मोठ्याने, बाहेरच्या टेबलांवरच्या माणसांनी माना वळवाव्यात असं.

"गुप्तता! साहेब, तुम्हाला गुप्तता इतकी छान कळते, आणि ती विकायला बसलात तेव्हाच कशी विसरलात? घ्या तुमचं कलम आणि बसा कवटाळून. ज्यांना ज्यांना मी 'बिनधास्त ठेवा' म्हटलं, त्या प्रत्येकाला मी सांगणार आहे. ग्राहकांच्या कचेरीत सांगेन, कोर्टात नेलंत तर तिथेही सांगेन. ही वायर घेऊन जाईन आणि न्यायाधीशांसमोर डबी उघडून दाखवीन. तुमची निळीपण मागवीन बरोबर. ती उघडत नाही हेच तर दाखवायचंय."

तिने गळ्यातला ओळखपट्टा काढून त्यांच्या ग्लासात टाकला. साहेबांचा आवाज पहिल्यांदा चढला तो तेव्हा, पण ती दाराबाहेर पडली होती.

तळमजल्यावर चाचणीवाल्या बाई जिन्याशीच उभ्या होत्या. "एखादी डबी असेल तर आणा, जाळून देते," म्हणत त्यांनी हात पुढे केला. कुलूपवालीने मावशीला मिळालेली नवी डबीही वाटेत मागून घेतली होती. ती पर्समधून काढून तिने बाईंना दिली. बाईंनी ती यंत्रात ठेवली, इकडेतिकडे न बघता, आणि जो टप्पा आजवर ओलांडून जायच्या त्याचं बटण दाबलं. आवाज वगैरे काही झाला नाही. एक दिवा लाल झाला एवढंच.

"झालं," बाई म्हणाल्या. "एवढंच काम असतं. डोळ्याची पापणी लवत नाही तोवर होतं."

"मग इतके दिवस का नाही केलंत बाई?" हे कुलूपवाली जरा रागानेच म्हणाली.

बाईंनी डबी यंत्रातून काढून तिच्या हातात ठेवली. आणि न मागताच त्या म्हणाल्या, "कोर्टात लागलं तर मला बोलवा. उडी मारायला सांगितलं ते माझ्यासमोर सांगितलंय."

ती मावशीकडे पोचली तेव्हा मावशी फोन करून करून थकली होती. एकेकीला तिने स्वतःच सांगितलं होतं. "शब्द मी दिला होता, तो मोडला हेही मीच सांगायला हवं," एवढंच ती म्हणाली. काहींनी शिव्या घातल्या, काही रडल्या, आणि एकीने फोनच ठेवून दिला. शिवणवाली मात्र स्वतः आली होती. खोलीच्या दाराशी शिलाई मशीन होतं, पायडलच्या स्टँडवरून सोडवून गोधडीत बांधलेलं, आणि शेजारी कपड्यांचं गाठोडं. लेक खुर्चीवर पाय हलवत बसली होती. शाळेचं दप्तर तिने पोटाशी धरलं होतं.

कुलूपवाली तिच्यासमोर बसली आणि जे झालं ते काही न लपवता सांगत गेली. 

"म्हणजे ताई, कुलूप होतं," शिवणवाली शेवटी म्हणाली, "पण लावलंच नव्हतं?"

"हो."

"सगळ्यांचंच नव्हतं लावलं?"

'हो' म्हणून टाकता आलं असतं. सगळ्यांची एकच गत झाली म्हटलं की माणसाला तेवढाच धीर येतो. पण कुलूपवालीच्या तोंडून खोटं निघेना.

"नाही," ती म्हणाली. "साहेबांचं लावलं होतं."

शिवणवालीने लेकीच्या दप्तराचा पट्टा सरळ केला. मग म्हणाली, "मग कुलूप चांगलंच आहे की तुमचं." त्यात टोमणा नव्हता. कापड चांगलं असावं आणि बेतणाऱ्याने वाट लावावी, तेव्हा ती ज्या सुरात बोलली असती त्याच सुरात बोलली.

कुलूपवालीने नवी डबी टेबलावर ठेवली. "ही आता बुजवून आणलीय. खरंच. माझ्या डोळ्यांदेखत."

मावशीने डबी हातात घेतली आणि सवयीने शिवणवालीच्या तळहातापाशी नेली. "आता कुठे जाणार तू? पत्ता सांगून ठेव बाई. काही झालं तर मी पोचायला हवी ना."

शिवणवालीने हात मागे घेतला.

"राग मानू नका मावशी," ती म्हणाली. "तुमच्यावर भरवसा नाही असं नाही. पण आता कुणालाच नाही सांगणार."

"अगं पण एकटी..." मावशी म्हणाली. तिने डबी पदराखाली धरली. आजवर कुणाच्याही घरच्या माराची हकिगत ऐकताना न रडलेली मावशी भाचीसमोर रडायला लागली.

खाली टेम्पो आला होता. शिवणवालीने गाठोडं उचललं, लेकीचा हात धरला. मशीन जड होतं. कुलूपवालीने ते दोन्ही हातांनी छातीशी धरून जिन्याने खाली नेलं आणि टेम्पोत नीट टेकवून ठेवलं. टेम्पोवाल्याने विचारलं, "कुठे जायचं?" शिवणवालीने आधी कुलूपवालीकडे पाहिलं.

कुलूपवाली रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि तिथे पाठ करून उभी राहिली, टेम्पो निघून जाईपर्यंत.